इलेक्ट्रिक गाडी पुढे रेटायची कोणी, बाजाराने का सरकारने?

गोविंदनगरकर

मंडळी, रविवारी सकाळी मिसळ खाताना आमच्या टेबलावर जे पेटलं ते घरी येऊनही विझेना म्हणून धागा काढतोय. माझ्याकडे इलेक्ट्रिक गाडी आहे, दीड वर्ष होत आलं, तीस युनिटची बॅटरी. मेव्हणा तर्री ओतता ओतता म्हणाला, दाजी, तुमच्या गाडीत आमच्या टॅक्सचे पैसे आहेत, ज्याला परवडेल तो घेईल, नाही परवडणार तो नाही घेणार, सरकारने मध्ये तोंड घालायचं कारणच काय. त्यावर शेजारचे काका, वय वर्षे बहात्तर, त्यांनी पाव खाली ठेवला अन म्हणाले की या नाशकात २०२१ ला नो हेल्मेट नो पेट्रोल केलं तेव्हा लोकं पंपावर शेजारच्याचं हेल्मेट दोन मिनिटं मागून घ्यायचे, ही माणसं आपणहून गाडी बदलणार होय?

आता माझं. पहिलं म्हणजे मेव्हण्याचा गैरसमज. केंद्राची फेम दोन नावाची दहा हजार कोटींची योजना होती, २०१९ ते मार्च २०२४, तिच्यात तुमच्या आमच्या खासगी कारला रोख अनुदान नव्हतंच, ते स्कूटर, रिक्षा, बस अन टॅक्सीत चालणाऱ्या गाड्यांना होतं. त्यानंतरची पीएम ई-ड्राइव्ह, त्यातही खासगी कार नाही. मला मिळालं ते इतकंच की जीएसटी ५ टक्के लागला अन राज्याचा रोड टॅक्स माफ. मेव्हणा म्हणतो माफी म्हणजे पण पैसेच ना. बरोबर आहे, तेवढं त्याचं मान्य.

हिशोब सांगतो, कारण सगळे तेच विचारतात. रोज गोविंदनगर ते सिन्नर माळेगाव एमआयडीसी, जाऊन येऊन साठ किलोमीटर, महिन्याला पंधराशे धरा. आधीच्या पेट्रोल गाडीला महिन्याला शंभर लिटर लागायचं म्हणजे दहा हजाराच्या वर. आता चार्जिंगमधली गळती धरून २४० युनिट जातात, बिल तीन हजाराने वाढलं. सात हजार वाचतात. गाडी पेट्रोलवालीपेक्षा चार लाखाने महाग होती, म्हणजे पावणेपाच वर्षं झाली की पैसे वसूल, विमा थोडा जास्त बसतो ते सोडून. ज्याचं रनिंग महिन्याला चारशे किलोमीटर आहे त्याने हे वाचून गाडी घेऊ नये, सोळा अठरा वर्षं लागतील.

पण खरा त्रास पैशाचा नव्हताच. गाडी आली अन लावायची कुठे? सोसायटी चोवीस फ्लॅटची, पार्किंग खाली, मीटररूम माझ्या जागेपासून चाळीस मीटर लांब. सेक्रेटरी म्हणाले आधी एनओसी, मग म्हणाले आग लागली तर, मग म्हणाले कमिटीत ठेवू, मग गणपती, मग नवरात्र. अडीच महिने मी कारखान्यातल्या प्लगवर गाडी चार्ज केली, मालकाच्या कृपेने. ही अडचण बाजाराने सुटली नाही (पैसे माझे, वायर माझी, मीटर माझं, मी तयार होतो) अन सरकारच्या अनुदानानेही सुटली नसती. म्हणून मला वाटतं आपण भांडतोय ते चुकीच्या गोष्टीवर. असो, तुम्ही काय म्हणता?

उगाच_एक

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. मिसळ कुठली ते आधी सांगा.

मेव्हणा_नंबर_एक

मीच तो. दाजींनी बिल मी दिलं ते लिहिलं नाही, नोंद घ्यावी.

माझं म्हणणं नीट मांडतो, टेबलावर कोणी बोलू दिलं नाही. जून २०२३ ला सरकारने स्कूटरचं अनुदान कमी केलं, बॅटरीच्या किलोवॅटअवरला (म्हणजे एका युनिटला) १५ हजार होतं ते १० केलं अन वरची मर्यादा किमतीच्या ४० टक्क्यांवरून १५ वर आणली. मे महिन्यात देशभरात लाखाच्या वर इलेक्ट्रिक टूव्हीलर गेल्या होत्या, जूनमध्ये निम्म्याहून कमी. म्हणजे लोकं स्कूटर घेत नव्हते, डिस्काउंट घेत होते. अन त्याआधीचा तमाशा विसरले का सगळे, दीड लाखाच्या मर्यादेत किंमत बसवायची म्हणून कंपन्यांनी चार्जर वेगळा विकला, नंतर गिऱ्हाइकाला त्याचे पैसे परत द्यावे लागले. काहींनी बाहेरचे पार्ट लावून देशी म्हणून अनुदान उचललं, सरकारला ते परत मागत बसावं लागलं. पैसा फुकट वाटायला काढला की तो नेमका कुठे जातो ते बघा.

याउलट ई-रिक्षा. उत्तरेत गल्लीबोळात लाखांनी आल्या, बहुतेक साध्या लेड ॲसिड बॅटरीवर, कोणी जाहिरात केली नाही, कोणी भाषण केलं नाही. चालवणाऱ्याला रात्री हातात चार पैसे जास्त राहतात एवढंच कारण. तीनचाकीत आज निम्म्याहून जास्त विक्री इलेक्ट्रिकची आहे अन कारमध्ये २०२४ ला जेमतेम अडीच टक्के होती. जिथं धंदा जमतो तिथं लोकं न सांगता जातात, जिथं जमत नाही तिथं तुम्ही कितीही रेटा.

कॉलेजरोड_ताई

+१ अर्धा. ई-रिक्षाला परमिटची अट नाही, ती काय बाजाराने काढली? तेही सरकारनेच केलं ना.

बाकी माझी स्कूटर २०२२ ची. तेव्हा अनुदान धरून घेतली, नसतं तर घेतली नसती हे खरं आहे, लाज नाही सांगायला. पण आता बहिणीने गेल्या वर्षी अनुदान बरंच कमी असताना घेतली कारण माझी तिने तीन वर्षं चालवून पाहिली होती. पहिली अनुदानाने येते, दुसरी पहिलीकडे बघून येते. यात फुकट काय गेलं मला कळत नाही.

काळीपिवळी_नाही

मी नाशिक मुंबई टॅक्सी करतो, बावीस वर्षं झाली. सीएनजी आहे. तुमचे हिशोब घरी झोपणाऱ्या गाडीचे आहेत, माझी गाडी झोपत नाही.

एका भाच्याची इलेक्ट्रिक घेऊन मी मुद्दाम दोन ट्रिप मारून पाहिल्या. कसारा घाट उतरताना चार्ज दोन टक्के वाढला, पॅसेंजरला दाखवला तर तो पण खूश. येताना तोच घाट चढताना आठ टक्के गेले, पॅसेंजरला नाही दाखवलं. घाटाच्या अलीकडे एका ढाब्यावर चार्जर होता, ॲपमध्ये हिरवा दिसत होता, जाऊन पाहिलं तर स्क्रीन काळी अन चार्जिंग गनवर चिमणीने घरटं करायला काड्या आणलेल्या. ढाबेवाला म्हणाला तीन महिने झाले फोन लावतोय कोणी येत नाही. पुढच्याला होता पण तिथं दोन गाड्या आधीच उभ्या. पन्नास मिनिटं गेली. टॅक्सीवाल्याची पन्नास मिनिटं म्हणजे काय हे घरी चार्ज करणाऱ्याला नाही कळायचं, तेवढ्यात विमानाचं गिऱ्हाईक जातं.

अन बाहेर युनिटला अठरा वीस रुपये घेतात. म्हणजे किलोमीटरला अडीच तीन. सीएनजीपेक्षा स्वस्त आहे अजून पण एवढं नाही की मी रांग सोडून रांगेत जाऊ. मला अनुदान नको, टोल माफी नको. मला घाटाच्या वर दोन अन खाली दोन चार्जर द्या जे चालू असतील. चालू. एवढंच.

गोविंदनगरकर

दादा, चिमणीचं वाचून हसलो पण खरंय. टोलचं म्हणाल तर समृद्धीवर, अटल सेतूवर अन मुंबई पुणे एक्सप्रेसवेवर इलेक्ट्रिक कारला माफ आहे २०२५ च्या धोरणाने, पण आपण घोटीवरून जुन्या हायवेने गेलो की तो रस्ता केंद्राचा, तिथं द्यावाच लागतो. आता इगतपुरीहून पुढे समृद्धी पूर्ण झालाय म्हणून मी तिकडूनच जातो, घाट पण टळतो, बोगद्यात फोन लागत नाही तेवढीच शांतता.

सातपूर_८७

नमस्कार. मी १९८७ ला सातपूरला नोकरीला लागलो ते निवृत्त होईपर्यंत डिझेलच्या नोझलवरच काम केलं. नवीन मुलांना कंपनी बॉश म्हणून माहिती, आम्ही अजून मायकोच म्हणतो, सर्कलचं नाव पण तेच राहिलंय. नोझलचं भोक केसाएवढं असतं, त्याच्या आत दोन हजार बारच्या आसपास दाबाने डिझेल जातं, अन ते भोक गोल आहे का नाही हे बघायला आम्हाला भिंगाखाली तासन् तास बसावं लागायचं. अर्ध्या नाशिकची घरं त्या भोकातून आलीयेत असं मी गमतीने म्हणतो. कंपनीत लागलेले, त्यांना माल देणारे, त्या मालाला हार्डनिंग करणारे, ग्राइंडिंग करणारे, डबे पुरवणारे.

इलेक्ट्रिक गाडीत नोझल नाही. पंप नाही. इंजेक्टर नाही. मोटर, बॅटरी अन कंट्रोलर.

माझ्या भाच्याचं अंबडला जॉबवर्कचं दुकान आहे, दोन सीएनसी, सहा पोरं. एप्रिल २०२० ला बीएस सहा (गाडीच्या धुराचा नियम) आलं, सरकारने चारवरून थेट सहावर उडी मारली, मारुतीने तर डिझेल गाड्याच बंद केल्या. भाच्याचं काम त्या वर्षी निम्म्यावर आलं, वर कोरोना. पण एक गोष्ट सांगतो, ती तारीख २०१६ ला जाहीर झाली होती. चार वर्षं आधी माहीत होतं. त्याने त्या चार वर्षांत एक मशीन वॉल्व्ह बॉडीच्या कामाला लावलं होतं म्हणून दुकान टिकलं. शेजारच्याने नाही लावलं, त्याचं शटर खाली. म्हणून मला बाजार वगैरे तत्त्वज्ञान कळत नाही पण छोट्या कारखानदाराला विचाराल तर तो म्हणेल तारीख सांगा अन मग ती बदलू नका. बाजाराला कोणी तारीख विचारू शकत नाही, तो एका तिमाहीत ऑर्डर बंद करतो, ईमेल पण येत नाही.

उगाच_एक

काका, वाखुसा (वाचनखूण साठवली). गंमत बाजूला, हा प्रतिसाद धाग्यापेक्षा भारी आहे.

दिंडोरीचा_द्राक्षवाला

गाडी नाही माझ्याकडे इलेक्ट्रिक, पिकअप आहे डिझेलची, पण अनुदान म्हणजे काय ते आम्हाला शिकवू नका, आमची पीएचडी आहे त्यात.

ठिबक घ्या. अनुदान जाहीर झालं की डीलरकडे त्याच नळ्यांचा भाव चढतो. मी स्वतः एका डीलरकडे रोखीने विचारलं तर भाव वेगळा अन अनुदानाच्या फाइलवर विचारलं तर वेगळा, दोन्ही एकाच दुपारी, एकाच खुर्चीवर बसून. पण तरीसुद्धा, हे पण ऐका, ठिबक नसतं तर दिंडोरी निफाडची बाग आज एवढी दिसली नसती. म्हणजे पैसे गळाले अन काम पण झालं. दोन्ही खरं.

दुसरी गोष्ट वाइनची. बाहेरचे लोक म्हणतात नाशिकची वाइन सरकारने केली, कोणी म्हणतं एका माणसाने केली. झालं असं की गंगापूर धरणाकडे सावरगावला सुलावाल्यांनी स्वतःच्या जमिनीवर आधी बाग लावली, दारू २००० ला बाहेर आली, तेव्हा लोकं हसायचे. २००१ ला राज्याने द्राक्ष प्रक्रियेचं धोरण आणलं, उत्पादन शुल्क माफ केलं, विंचूरला वाइन पार्क काढलं. बाहेरून येणाऱ्या दारूवर भारी ड्युटी होतीच. मग काय, जो तो वायनरी काढायला निघाला. आमच्या गावात दोघांनी खायची थॉमसन तोडून वाइनची जात लावली, एकाने तर कर्ज काढून टाक्या आणल्या, स्टीलच्या, अजून शेडमध्ये उभ्या आहेत, पाणी भरायला वापरतो. २००८ नंतर मंदी आली, माल पडून, छोट्या वायनरी पटापट बंद पडल्या, लोकांनी बागा तोडल्या. माल काढायची सोय सगळ्यांनी केली होती, पिणारा कोण हे थोड्यांनीच पाहिलं होतं. टिकले ते ज्यांनी आधी पिणारा घरी बोलावला, चव दाखवली, बाग दाखवली, मुंबईच्या माणसाला शनिवारी इकडे यायची सवय लावली.

तर तुमच्या गाड्यांचं पण तेच व्हायचं. सरकार कारखान्याला पैसे देईल, गाड्या निघतील. चालवणाऱ्याची सोय कोणी पाहिली? वरती टॅक्सीवाले दादा काय म्हणतात ते वाचा परत.

मेव्हणा_नंबर_एक

द्राक्षवाले भाऊ, तुम्ही माझ्या बाजूने का दाजींच्या?

दिंडोरीचा_द्राक्षवाला

मी मालाच्या बाजूने.

ओस्लोहून_पंचवटीकर

मूळ पंचवटी, आता अकरा वर्षं ओस्लोत. प्रत्येक वादात नॉर्वेचं नाव निघतं म्हणून आधीच येऊन सांगतो. इथे २०२४ ला विकलेल्या दर दहा नव्या गाड्यांत जवळपास नऊ पूर्ण इलेक्ट्रिक होत्या. पण लोकांना वाटतं इथे पेट्रोलवर बंदी आहे, तसं नाही, शोरूममध्ये जाऊन आजही घेता येते. फक्त पेट्रोल डिझेल गाडीवर खरेदीचा कर इतका भारी आहे, वर २५ टक्के व्हॅट, की इलेक्ट्रिक त्याच दर्जाची तेवढ्यालाच किंवा स्वस्त पडते. इलेक्ट्रिकला व्हॅट माफ केला तो २००१ साली, तेव्हा घेण्यासारखी गाडीच नव्हती बाजारात. दहा वर्षं माफी नुसती बसून होती. मग चांगल्या गाड्या आल्या अन एकदम उसळी. २०२३ पासून महागड्या गाड्यांवर व्हॅट परत लावायला सुरुवात केली, हळूहळू, आधी सांगून.

सातपूरच्या काकांचं तारखेचं म्हणणं म्हणून पटलं. उलटं उदाहरण जर्मनीचं, डिसेंबर २०२३ ला त्यांनी अनुदान एका दिवसात बंद केलं, कोर्टाने बजेट अडवलं म्हणून, पुढच्या वर्षी इलेक्ट्रिक विक्री पाव हिश्शाने खाली.

धागाकर्त्यांसाठी खास: इथे सोसायटीतल्या माणसाने पार्किंगमध्ये चार्जर मागितला तर कायद्याने तो त्याचा हक्क आहे. नाही म्हणायचं असेल तर कारण सोसायटीने द्यायचं, ते पण पटण्यासारखं. गणपती नवरात्र चालत नाही :)

पण हेही लिहितो, इथली वीज जवळपास सगळी पाण्यावरची अन सरकारची तिजोरी भरलेली आहे तेल अन गॅस बाहेर विकून. ते तिकडे कॉपी करता येणार नाही.

डीपी_जवळचा

पाण्यावरच्या विजेवरून आठवलं. आपल्या एकलहऱ्याच्या वीज केंद्रात २१० मेगावॅटचे तीन संच आहेत, कोळशावर. ज्याला वाटतं आपली गाडी हवेवर चालते त्याने एकदा तिकडून फेरी मारावी. तरी इंजिनापेक्षा मोटर बरी, पेट्रोलमधली बरीचशी उष्णता रेडिएटर अन सायलेन्सरमधून जाते, मोटरमध्ये तसं वाया फार कमी जातं. भांडू नका यावर, वेगळा धागा काढा.

मी विजेच्या खात्यात आहे, कोणत्या ते सोडा. गोविंदनगरकरांचं बिल तीन हजाराने का वाढलं सांगतो. घरचे शंभर सव्वाशे युनिट अन त्यावर गाडीचे २४०, म्हणजे तीनशेच्या वरचा स्लॅब लागला, तिथं युनिट एकदम महाग. गाडीसाठी ईव्हीचं वेगळं कनेक्शन घेतलं तर स्लॅब लागत नाही, एकच दर. बऱ्याच लोकांना हे माहीतच नाही, शोरूमवाला सांगत नाही कारण त्याला मीटरचे कागद करायला वेळ लागतो अन गाडी आज विकायची असते. स्मार्ट मीटर असेल तर दिवसा वापरलेल्या विजेला सूट पण आहे आता, पण दिवसा तुमची गाडी सिन्नरला असते. म्हणजे कारखान्यातल्या प्लगवरच चार्ज केलेली बरी होती, मालकाला सांगा.

बाजार का सरकार यावर माझा अनुभव. २०१५ ला एलईडी बल्ब वाटले आठवतंय? आमच्या ऑफिसबाहेर रांगा होत्या, बिल दाखवा बल्ब घ्या. सरकारी कंपनीने घाऊक टेंडर काढलं, २०१४ ला एक बल्ब ३१० रुपयांना पडत होता, दोन अडीच वर्षांत ३८ वर आला. त्या योजनेत सरकारने बल्बमागे अनुदान असं दिलंच नाही, एवढे घेतो म्हणून शब्द दिला, कंपन्या आपापसात भाव पाडत गेल्या. मग त्याच कंपनीला वाटलं गाड्यांचं पण असंच करू, २०१७ ला दहा हजार इलेक्ट्रिक गाड्यांचं टेंडर, सरकारी ऑफिसांसाठी. झालं काय, फार थोड्या रस्त्यावर आल्या. बल्ब होल्डरमध्ये बसतो, होल्डर घरोघरी आधीच होता. गाडीचा होल्डर कुठंय?

गोविंदनगरकर

होल्डर! हेच मला म्हणायचं होतं अन रविवारी शब्द सापडत नव्हता.

मेव्हणा_नंबर_एक

दाजी नाचू नका. होल्डर बसवायला पण धंदा लागतोच की. २०१८ ला केंद्राने सांगितलं की चार्जिंग म्हणजे वीज विकणं नाही, लायसन लागत नाही, कोणीही स्टेशन टाका. एका ओळीचा खुलासा, रुपया खर्च नाही, त्यानंतर खासगी लोकं उतरले. मला एवढंच सरकार पाहिजे. दरवाजा उघडायचा अन बाजूला व्हायचं.

काळीपिवळी_नाही

दरवाजा उघडला अन आत चिमणी होती.

कॉलेजरोड_ताई

हाहाहाहा.

मेव्हणेबुवा, तुमच्या बाजाराबद्दल एक प्रश्न. बॅटरी स्वस्त झाली म्हणून गाड्या स्वस्त झाल्या ना? २०१० ला किलोवॅटअवरला हजार डॉलरच्या वर होती, २०२४ ला ११५. ही कोणाची करामत? मोठा वाटा चीनचा, अन चीनच्या सरकारने २००९ पासून २०२२ पर्यंत गाडीमागे पैसे ओतले, आता तिथं निम्म्या नव्या गाड्या बॅटरीच्या नाहीतर प्लगइनच्या (चार्जही होतात अन पेट्रोलवरही चालतात त्या) आहेत. तुम्ही ज्याला बाजार म्हणताय तो दुसऱ्याच्या सरकारचा खर्च आहे. आपण फक्त नंतर येऊन स्वस्तात घेतोय.

मेव्हणा_नंबर_एक

मग घेऊ की स्वस्तात, त्यात वाईट काय? त्यांच्या करदात्याचे गेले, आपले वाचले.

(पण मुद्दा लागला. चहा घेऊन येतो.)

सातपूर_८७

बॅटरीचे सेल चीनमधून येणार, मोटरचे मॅग्नेट तिकडून येणार, तर आमच्या पोरांनी काय करायचं, खोके फोडायचे? स्वस्त कोणाला पडलं हे पण बघा.

गोविंदनगरकर

काका, यावर माझ्याकडे उत्तर नाही. नाशिकला महिंद्राच्या गाड्या बनतात, अंबडला निम्मे वेंडर त्यांच्यावर, मी पण सिन्नरला तेच करतो, आमच्याकडे अजून तरी इलेक्ट्रिकच्या ड्रॉइंगवर जे काम येतं ते ब्रॅकेट अन बॅटरी ट्रेचं. नोझलच्या भोकाचा भाव ब्रॅकेटला नाही.

अन सरकारचं म्हणाल तर परत एका गोष्टीकडे कोणी लक्षच दिलं नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांचा जीएसटी १८ टक्के झाला, आधी सेस धरून २९ होता. इलेक्ट्रिकचा ५ चा ५. म्हणजे २४ टक्क्यांचं अंतर होतं ते एका रात्रीत १३ वर आलं. कोणी अनुदान काढलं नाही, कोणी इलेक्ट्रिकच्या विरोधात बोललं नाही, उलट सगळ्यांनी पेढे वाटले, पण माझ्या चुलतभावाची इलेक्ट्रिक बुक करायची ठरली होती त्याने दसऱ्याला पेट्रोल आणली. पाऊण लाखाचा फरक पडला म्हणाला. त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

राज्यात पण तसंच, मार्च २०२५ च्या बजेटमध्ये ३० लाखाच्या वरच्या इलेक्ट्रिकवर ६ टक्के कर लावला अन महिना संपायच्या आत मुख्यमंत्र्यांनी तो मागे घेतला. तीस लाखाची गाडी माझ्या आयुष्यात येणार नाही त्यामुळे मला फरक पडत नाही, पण काका म्हणतात तसं, तारीख सांगा अन बदलू नका.

ओस्लोहून_पंचवटीकर

हे जीएसटीचं मला माहीत नव्हतं. इथे कोणी असं केलं असतं तर वर्तमानपत्रात आठवडाभर तेच चाललं असतं. नॉर्वेचं सगळं गणितच दोन गाड्यांच्या करातल्या फरकावर उभं आहे, इलेक्ट्रिक स्वस्त करण्यापेक्षा पेट्रोल महाग ठेवण्यावर.

दिंडोरीचा_द्राक्षवाला

पेट्रोल गाडी महाग ठेवायची म्हणजे माझी पिकअप महाग. पिंपळगावला माल कशात नेऊ, ओस्लोला फोन करू का?

काळीपिवळी_नाही

भाऊ +१००

कॉलेजरोड_ताई

सिंहस्थ २०२७ ला आहे. तोपर्यंत तरी रामकुंडाकडे जाणाऱ्या बस इलेक्ट्रिक करा, कारचं नंतर बघू. एसटीची ई-शिवाई पुण्याला जातेच आहे, आवाज नाही, धूर नाही, मी नारायणगावपर्यंत झोपले. एका बसमध्ये चाळीस माणसं बसतात अन आपण इथे चार माणसांच्या गाडीवर पन्नास प्रतिसाद टाकतोय.

उगाच_एक

ताई, पन्नास नाही झाले अजून. मोजतोय.

गोविंदनगरकर

अपडेट. काल आमच्या सोसायटीची सभा झाली. ओस्लोवाल्यांचा प्रतिसाद प्रिंट काढून नेला होता, सेक्रेटरी म्हणाले हे नाशिक आहे. पण काकांनी (शेजारचे, बहात्तरवाले) उठून सांगितलं की लिफ्ट बसवली तेव्हा पण तुम्ही आगीचंच कारण दिलं होतं, १९९८ ला, मी तेव्हा खजिनदार होतो. यावर हशा झाला अन वातावरण सैल झालं. ठरलं असं की सोसायटीने मीटररूमपासून पार्किंगच्या खांबापर्यंत एक ट्रे टाकायचा, खर्च चोवीस घरांत, अन ज्याला गाडी येईल त्याने आपली केबल आपल्या मीटरवरून त्या ट्रेमधून न्यायची. दोघांनी विरोध केला, त्यातल्या एकाने सभा संपल्यावर खाली येऊन हळूच विचारलं की टियागो इलेक्ट्रिक कशी आहे.

मेव्हणा म्हणतोय हा बाजाराचा विजय. काका म्हणतायत सरकारचा, कारण सोसायटी म्हणजे छोटं सरकारच.

डीपी_जवळचा

अभिनंदन. चोवीस घरं ना, मग आत्ताच लोड बघून घ्या. आज एक गाडी, पाच झाल्या अन रात्री अकराला सगळ्यांनी एकदम लावल्या तर मुख्य केबल गरम होईल. कॉन्ट्रॅक्टरला सांगा ट्रे रुंद टाक. सध्याची केबल कितीची टाकलीय?

गोविंदनगरकर

मी सोळा ॲम्पियरच्या साध्या प्लगवरच चार्ज करतो, वॉल चार्जर बसवलाच नाही. वायरमन म्हणाला चार एमएम पुरेल, मी अंतर चाळीस मीटर म्हणून सहा टाकायला लावली, कॉपर, आर्मर्ड. पहिल्या दिवशी प्लग लावला तर चार्जरच्या डब्यावर लाल दिवा, चार्जच घेईना. शोरूमला फोन, ते म्हणाले गाडी आणा. वायरमनने शांतपणे जाऊन अर्थिंगचा खड्डा उघडला, आत कोरडा ठणठणीत, दहा वर्षांत कोणी पाणी घातलेलं नाही. मीठ कोळसा टाकून दोन बादल्या पाणी ओतलं, हिरवा दिवा.

काळीपिवळी_नाही

मग आमच्या ढाब्यावर पण दोन बादल्या ओतून बघतो एकदा.

डीपी_जवळचा

तिथं आधी चिमणीला विचारा. गोविंदनगरकर, उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी त्या खड्ड्यात पाणी टाकत जा, अन कोण टाकणार ते सभेच्या मिनिट्समध्ये लिहून घ्या.